परदेशी जा, पण बातमीदार होऊन

सोलापुरातल्या एखाद्या घरात मुलीनं 'मला इंग्लंडला जाऊन क्रीडा पत्रकारिता शिकायची आहे' असं सांगितलं, की आठवड्याभरात घरात दोन तट पडतात. एका बाजूला काका, मामा, वडिलांचे दोस्त. त्यांचं म्हणणं ठरलेलं: मॅच बघून लिहायला कुणी घर गहाण टाकतं का? दुसऱ्या बाजूला चुलत भावंडं, पुण्यात गेलेल्या मैत्रिणी आणि परदेशी प्रवेश मिळवून देणाऱ्या कुठल्या तरी सल्लागाराचं गुळगुळीत माहितीपत्रक. त्यांचंही ठरलेलं: सोलापुरात राहून काय होणार, सुट एकदाची! हा वाद मी इतक्या घरांत ऐकलाय की दोन्हीकडची वाक्यं पाठ झाली आहेत, आणि दर वेळी एकच गोष्ट खटकते. एक बाजू पैशाबद्दल बोलते, दुसरी गाव सोडण्याबद्दल बोलते. पत्रकारितेबद्दल कुणीच बोलत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तिनं जावं. अंगावर जबाबदाऱ्या पडायच्या आत, तरुणपणीच जावं. पण बातमीदार व्हायला जाऊ नये, बातमीदार होऊन जावं. वर्ष-दोन वर्षं सोलापूर जिल्ह्यातली मैदानं आणि आखाडे पालथे घालावेत, स्वतःच्या नावानं छापून आलेल्या बातम्यांची फाइल जमवावी आणि मग विमानात बसावं. ही काही सगळ्यांना खूश करणारी मधली वाट नाही. काकांनाही ती पटत नाही आणि मुलांनाही. मला मात्र दुसरी वाट दिसत नाही.

आधी काकांची बाजू घेतो, कारण ती जास्त भक्कम आहे. ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.ए.साठी परदेशी विद्यार्थ्याला साधारण १५ ते २५ हजार पौंड फी पडते. नऊ महिन्यांच्या राहण्याखाण्याचे पैसे खात्यात आहेत हे व्हिसा मिळण्याआधी दाखवावं लागतं. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड, तो वेगळा. साडेसात लाखांच्या वर शैक्षणिक कर्ज हवं असेल तर बँक बहुतेक वेळा तारण मागते, आणि आपल्याकडे तारण म्हणजे राहतं घर, होटगी रोडचा एखादा प्लॉट नाहीतर यंत्रमागाची शेड. म्हणजे मुलीच्या शिक्षणापायी बापाच्या पोटापाण्याचं साधन टांगणीला लागतं. हे ज्या काकाला दिसतं तो मागासलेला नाही. त्याला हिशेब कळतो.

हिशेब इथंच संपत नाही. शिक्षण झाल्यावर ब्रिटनमध्ये राहून नोकरी शोधायला आज दोन वर्षं मिळतात. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळणार आहे. त्यानंतर कुशल कामगाराचा व्हिसा हवा तर नोकरीचा पगार वर्षाला किमान ४१,७०० पौंड असावा लागतो, नवख्यांसाठीची सवलत धरली तरी ३३,४००. गावोगावची ब्रिटिश वृत्तपत्रं नव्या बातमीदाराला एवढा पगार सहसा देत नाहीत. आणि सगळ्यात मोठी मेख वेगळीच आहे. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत नोकरी करता येते, पण स्वतंत्र व्यवसाय करता येत नाही. लेखागणिक मानधन घेणारा मुक्त पत्रकार नियमाच्या दृष्टीनं स्वतंत्र व्यावसायिकच ठरतो. या पेशात नवखा माणूस मुक्त लेखनाच्याच वाटेनं आत शिरतो, आणि नेमकी तीच वाट शिक्षणाच्या काळात बंद असते. हे ठळक अक्षरांत छापलेलं माहितीपत्रक माझ्या तरी पाहण्यात नाही. चोवीस वर्षांच्या पोरीला आणि तिच्या आईवडिलांना ही गोष्ट विमानतळावरून परतीचं तिकीट काढताना कळावी, हा अन्याय आहे.

पेशाची अवस्थाही काही झाकून ठेवण्यासारखी नाही. न्यूयॉर्क टाइम्सनं जानेवारी २०२२ मध्ये 'द अ‍ॅथलेटिक' ही क्रीडा वृत्तसंस्था ५५ कोटी डॉलरला विकत घेतली आणि २०२३ मध्ये स्वतःचा क्रीडा विभागच बंद केला. स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेडसारख्या मातबर नियतकालिकात २०२४ च्या जानेवारीत नोकरकपातीच्या नोटिसा निघाल्या. अशा बाजारात सोलापूरच्या मुलीची वाट कोण पाहत बसलंय, हा काकांचा प्रश्न बिनबुडाचा नाही.

एवढं सगळं मान्य करूनही मी 'जा' म्हणतो, कारण काकांचा हिशेब बरोबर असला तरी हे काम काय आहे याची त्यांची समजूत चुकीची आहे. मॅच बघून लिहिणं म्हणजे क्रीडा पत्रकारिता नव्हे. अमेरिकेत इंडियानापोलिस नावाचं शहर आहे. तिथल्या 'इंडियानापोलिस स्टार' या दैनिकानं ऑगस्ट २०१६ मध्ये एक शोधवृत्त छापलं: अमेरिकेची जिम्नॅस्टिक्स संघटना प्रशिक्षकांविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी दाबून ठेवते. ते वाचून रेचेल डेनहॉलँडर ही पूर्वीची जिम्नॅस्ट पुढे आली आणि संघटनेचा डॉक्टर लॅरी नासर यानं आपल्यावर काय केलं ते तिनं सांगितलं. मग बांध फुटला. जानेवारी २०१८ मध्ये शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक मुली आणि बायका कोर्टात उभ्या राहून बोलल्या, आणि नासरला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. हे काम राजधानीतल्या बड्या वृत्तपत्रानं केलेलं नाही, एका शहराच्या दैनिकानं केलं. आणि त्या संघटनेचं मुख्यालय त्याच शहरात होतं. आपल्या गावातल्या कार्यालयात काय शिजतंय हे गावच्या बातमीदारांनी विचारलं, म्हणून मुली वाचल्या. काकांना मी विचारतो: आपली लेक उद्या एखाद्या अकादमीत कुस्ती किंवा जलतरण शिकायला गेली, तर असा एखादा बातमीदार गावात असावा असं तुम्हाला वाटणार नाही का?

आता आपल्याकडच्या बातमीकडे बघू. शालेय स्पर्धेची बातमी कुठल्याही दिवशीची काढा. पहिल्या दोन ओळींत उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते, पुढच्या चार ओळींत व्यासपीठावर कोण कोण होतं ते, मग प्रास्ताविक, सूत्रसंचालन आणि आभार. सामना शेवटच्या ओळीत, आणि जिंकलेल्या पोरांची नुसती आडनावं. आयोजकांचं पत्रक जसंच्या तसं छापलं की असंच होणार. पानावर जागा कमी असते, तालुक्याच्या वार्ताहराला मिळणाऱ्या मानधनात पेट्रोलही सुटत नाही, हे मला माहीत आहे. तरीही जे छापलं जातं त्याला वार्तांकन म्हणता येणार नाही.

याची किंमत काय पडते ते जानेवारी २०२३ मध्ये आपण पाहिलं. पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला महेंद्र गायकवाड भिडले. दोघंही आपल्याच जिल्ह्याचे. महेंद्रनं 'बाहेरची टांग' हा डाव टाकला, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर हरला. पुढचे कित्येक दिवस समाजमाध्यमांवर रण पेटलं. कुणी जात काढली, कुणी धर्म काढला, कुणी पंचांना धमकावलं. मुद्दा होता एवढाच: उभ्या कुस्तीतून प्रतिस्पर्ध्याला थेट धोक्याच्या स्थितीत नेलं, म्हणजे त्याची पाठ जमिनीकडे ९० अंशांपेक्षा कमी कोनात झुकली, तर चार गुण, आणि तसं न होता नुसता ताबा मिळाला तर दोन. तेव्हा सिकंदरची पाठ वळली होती की तो खांद्याच्या बाजूवर पडला होता? सगळा वाद त्या क्षणाचा होता. दोन चित्रं शेजारी छापून, नियमाचं कलम देऊन, दोन जुन्या पंचांना विचारून हे सहाशे शब्दांत समजावणारा बातमीदार दुसऱ्या दिवशी सकाळी जिल्ह्याला हवा होता. तसं फार थोडं छापून आलं, आणि रिकामी जागा अफवांनी भरून काढली. सिकंदरनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली, पण त्या लढतीबद्दल आजही निम्मा जिल्हा एक सांगतो आणि निम्मा दुसरं.

राज्यात खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आहे, आणि बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं उघडकीला आली आहेत. अमुक साली अमुक गावात ती स्पर्धा खरंच भरली होती का, किती संघ आले होते, हे त्याच वेळी नोंदवून ठेवणारा बातमीदार असता तर खोटं प्रमाणपत्र छापायची हिंमत किती जणांना झाली असती?

यावर एक चांगला आक्षेप येतो. हे सगळं शिकायला परदेश कशाला? वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचं पान मिळवून दिलं, कबड्डी, खो-खो, कुस्तीला क्रिकेटच्या शेजारी बसवलं, ते कुठल्या परदेशी पदवीच्या जोरावर? द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत इंजिनिअर होते आणि जगभरच्या मैदानांवरून मराठीत क्रिकेट लिहीत राहिले. त्यांना कुणी एम.ए. विचारलं? नाही विचारलं. पदवीनं पत्रकार घडत नाही, हे मी मान्यच करतो, किंबहुना माझा सगळा मुद्दाच तो आहे. पण अशी माणसं एका पिढीत दोन-तीनच निघतात, आणि ती स्वतःच्या तेजावर निघतात. बाकीच्यांना घडवायला शिस्तीचं संपादकीय टेबल लागतं, आणि ते आपल्याकडे आज मोडकळीला आलंय.

तिकडे काय मिळतं? रेफरीची शेवटची शिट्टी वाजताच पाचशे-सहाशे शब्दांची पूर्ण बातमी कार्यालयात पोहोचली पाहिजे, ही फुटबॉल बातमीदाराची रोजची अट. सामना चालू असतानाच मजकूर तुकड्यातुकड्यानं लिहायचा आणि ८८व्या मिनिटाला बरोबरी झाली की वरचा परिच्छेद उपटून नवा घालायचा. ब्रिटनमध्ये पत्रकारांच्या प्रशिक्षणाची एक राष्ट्रीय परिषद आहे. तिच्या अभ्यासक्रमात मिनिटाला शंभर शब्दांच्या लघुलेखनाला आजही मान आहे, आणि अब्रूनुकसानी, न्यायालयाचा अवमान यांचा कायदाही त्यात असतो. कायदा माहीत असलेला बातमीदार संघटनेच्या वकिलाच्या नोटिशीला घाबरून बातमी मागे घेत नाही, आणि पुराव्याशिवाय कुणाचं नाव छापतही नाही. हे दोन्ही आपल्या जिल्ह्यात हवंय.

पण रिकाम्या हातानं गेलेल्याला यातलं काय मिळेल? मुलांच्या बाजूचं म्हणणं इथंच कोसळतं. 'सुट एकदाची' म्हणणाऱ्यांना वाटतं, गाव सोडलं की माणूस घडतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव सोलापुरात पोराबाळांना ठाऊक आहे. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तिथली भाषा शिकले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तिथंच गेले. कोटणीस डॉक्टर व्हायला चीनला गेले नव्हते, ते डॉक्टर होऊन गेले. म्हणून तिथं पाऊल ठेवल्या दिवसापासून ते कुणाच्या तरी उपयोगी पडले. आपल्या शहराचंही तेच आहे. तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबं हातात विणकामाची कला घेऊन सोलापुरात आली आणि त्यांनी हे शहर उभं केलं. गाव सोडणं हा गुन्हा असता तर निम्मं सोलापूर गुन्हेगार ठरलं असतं. आणि नुसतं गाव सोडणं पुरेसं असतं, तर त्यांना माग कशाला लागले असते?

आपल्या विषयातलंच उदाहरण हवं तर सी. एल. आर. जेम्स यांचं घ्या. त्रिनिदादचा हा काळा माणूस १९३२ मध्ये इंग्लंडला पोहोचला आणि पुढे मँचेस्टर गार्डियनसाठी क्रिकेट लिहू लागला. साम्राज्याच्या ऐन भरात, वसाहतीतल्या माणसाला इंग्रजांनीच इंग्रजांचा खेळ समजावून सांगायला का बसवलं? तिशी ओलांडलेले जेम्स त्रिनिदादमध्ये शिक्षक होते, क्लब क्रिकेट खेळलेले होते, तिथल्या कुठल्या क्लबात कुठल्या रंगाच्या माणसाला प्रवेश मिळतो हे त्यांनी अंगावर झेललं होतं. इंग्लंडमधल्या कुणाहीकडे नसलेली नजर त्यांच्याकडे होती. ती नजर त्यांना इंग्लंडनं दिली नाही. इंग्लंडनं पान दिलं.

तशी नजर कमवायला सोलापूरइतकं चांगलं ठिकाण नाही. खो-खो घ्या. आपल्या जिल्ह्यात, वेळापूरसारख्या गावांत, हा खेळ रक्तात आहे. खो-खोच्या मराठी बातमीत खेळाडूच्या नावापुढे कंसात दोन्ही डावांतली पळतीची वेळ आणि टिपलेले गडी लिहायची पद्धत आहे. ही नोंद करायला हातात घड्याळ धरून डावाची नऊच्या नऊ मिनिटं नजर न हलवता बसावं लागतं. साखळी कुठं तुटली, खांबावर सूर कुणी मारला, कुणाला हूल देऊन बाद केलं, हे त्याच वेळी टिपावं लागतं. हे ज्याला जमतं त्याला जगातला कुठलाही खेळ टिपता येईल. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारतानं पुरुष आणि महिला दोन्ही गटांत तो जिंकला, इंग्लंडचे संघही खेळून गेले. या खेळाबद्दल इंग्रजीत जाणकारीनं लिहू शकणारी माणसं जगात किती आहेत? किंवा माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे घ्या. भालाफेक, गोळाफेक करणारी मुलगी क्रिकेटकडे वळली, राज्याबाहेर जाऊन नागालँडकडून खेळली, २०२२ मध्ये टी-ट्वेंटीत नाबाद १६२ धावा ठोकल्या आणि त्याच वर्षी भारताकडून उतरली. लंडनच्या संपादकाला प्रीमियर लीगवर लिहिणारे त्याच्या गल्लीत हजार मिळतील. मिऱ्याला जाऊन किरणच्या आईशी मराठीत बोलून येणारी बातमीदार त्याला कुठून मिळणार? आणि सोलापूरच्या मुलीला मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, दखनी कानावर पडत आलेलं असतं. हैदराबादच्या बॅडमिंटनपटूशी आणि धारवाडच्या पैलवानाशी ती त्यांच्या भाषेत दोन वाक्यं तरी बोलू शकते. हे भांडवल सल्लागाराच्या माहितीपत्रकात नसतं.

मुलं म्हणतात, दोन वर्षं इथं घालवली तर मागे पडू. कुणाच्या मागे? ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही देते, पण त्यासाठी कामाचा किमान २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे या दोन वर्षांनी कदाचित बापाची शेड वाचेल. तिकडे शिकताना मुक्त लेखन करता येणार नसेल, तर दाखवायला लागणारं लेखन आधीच जमवलेलं नको का? मुलींना आखाड्याच्या दारात अडवतात, रात्रीच्या सामन्यावरून घरी परतायची सोय नसते, हे मी नाकारत नाही. आता मुलीही कुस्ती खेळतात म्हणून काही ठिकाणी दार किलकिलं झालंय, पण अडचण खरी आहे आणि ती घरच्यांनी व संपादकांनी मिळून सोडवायची आहे. ज्या काकांना तिला परदेशी पाठवायची भीती वाटते, त्यांनी रात्री नऊला पार्क मैदानावर तिला न्यायला जावं. त्या कष्टाला कर्ज काढावं लागत नाही.

शेवटचा आक्षेप गावकीचा: शिकून ती परत येणार का? मला हा प्रश्नच मान्य नाही. पुण्याला, बंगळुरूला, अमेरिकेला गेलेल्या शेकडो इंजिनिअरांना आपण हे विचारलं नाही, मग हिलाच का? पॉली उम्रीगर सोलापुरात जन्मले, मुंबईला गेले, भारतासाठी कसोटीत पहिलं द्विशतक त्यांनी केलं आणि १९६२ मध्ये निवृत्त झाले तेव्हा सर्वाधिक कसोटी सामने, धावा आणि शतकं हे तिन्ही भारतीय विक्रम त्यांच्या नावावर होते. ते परत आले नाहीत म्हणून आपण काही गमावलं नाही. त्यांच्याबद्दल आपल्या पोरांना सांगायचं आपण विसरलो, तिथं गमावलं.

ती जाण्याआधीची दोन वर्षं मात्र सोलापूरच्या हातात आहेत, आणि माझी मागणी त्यांच्यापुरतीच आहे. इथल्या वृत्तपत्रांनी नवख्या बातमीदाराला सामन्यागणिक रोख मानधन आणि प्रवासखर्च द्यावा, बातमीवर तिचं नाव छापावं. जिल्ह्यातल्या क्रीडा संघटनांनी उद्घाटनाच्या पत्रकाआधी गुणपत्रक आणि खेळाडूंची पूर्ण नावं द्यावीत. विद्यापीठाच्या पत्रकारिता विभागानं परीक्षेचे काही गुण पेपरावरून काढून मैदानावरच्या बातम्यांना द्यावेत. आणि पालकांनी सल्लागारासमोर बसल्यावर वसतिगृहाचे फोटो नंतर बघावेत. पहिला प्रश्न हा विचारावा: या अभ्यासक्रमातून गेल्या वर्षी बाहेर पडलेले भारतीय विद्यार्थी आज कुठल्या वृत्तपत्रात, कुठल्या पगारावर आहेत? त्यांतल्या दोघांशी फोनवर बोलणं करून दिल्याशिवाय एक रुपयाही भरू नये.